अकरा सेकंदांची जागा

पडेगावात खंडेरावांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, या घराच्या भिंतीला गोवर निघालाय. बैठकीतली एक अख्खी भिंत कॅसेटी आणि सीडींनी भरलेली, आणि प्रत्येकीच्या पाठीवर चिमुकला गोल कागद चिकटवलेला. काही हिरवे, थोडे पिवळे, आणि लाल किती म्हणाल तर विचारू नका.

त्याचं असं होतं, की वाळूजच्या एका कारखान्यात खंडेराव सत्तावीस वर्षं 'क्वालिटी'त होते. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं, मापात बसला तर हिरवा ठिपका, नाही बसला तर लाल, आणि थोडं घासून चालण्यासारखा असला तर पिवळा. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी आलं की चहा, आणि चहानंतर अल्बम. ठिपके तिथंही तेच. त्यांची बायको दीपमाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बरं झालं बाई, मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या खिशात ती ठिपक्यांची पट्टी नव्हती."

एकेका गाण्यावर मत द्यायला खंडेराव तयारच नसत. "एक गाणं कुणालाही जमतं," म्हणायचे. "आठ गाणी ओळीनं ऐकव, मला घड्याळाकडं बघू देऊ नको, मग तुला मानलं." एका नामांकित गझलवाल्याला त्यांनी लाल ठिपका दिला होता, कारण काय, तर तो माणूस गाताना स्वतःच्याच आवाजावर आशिक झालाय, ऐकणाऱ्याला जागाच ठेवत नाही. एका भक्तिगीतांच्या सीडीबद्दल म्हणायचे, देवाला कमी ऐकू येतं असं समजून गायलंय. जुन्या गाण्यांवर नवा ठोका बसवलेल्या अल्बमांचं तर नावच काढू नये. "पोळ्याच्या बैलाला गॉगल घातलाय," एवढं बोलून ते खाली, अगदी फरशीजवळच्या फळीत टाकायचे. तिथं लाल माल.

पण या माणसाला नुसतं खवट म्हणून सोडलं तर अन्याय होईल. हिरव्या फळीसमोर खंडेराव वेगळेच व्हायचे. खुलताबादच्या उरुसात कुणीतरी रेकॉर्ड केलेली कव्वालीची एक कॅसेट होती. तिच्यात मुख्य कव्वालाकडं त्यांचं लक्षच नसायचं. मागं बसलेल्या तिघांपैकी एकाची टाळी किंचित उशिरा पडते, आणि तेवढ्या उशिरामुळं सगळी मैफल पुढं झुकते, असं त्यांचं म्हणणं. "ह्या माणसाचं नाव कुठंच छापलेलं नाय," ते सांगायचे आणि तेवढा तुकडा पुन्हा लावायचे. "सगळं ह्यानं धरून ठेवलंय, आणि नाव नाय." एका सनईच्या अल्बममध्ये चिमण्यांचा आवाज आलाय. दुसऱ्या कुणी त्याला लाल दिला असता, यांनी हिरवा दिला, कारण चिमण्या बोलतात तेवढ्यापुरता सनईवाला हळू होतो.

आणि फारच चांगलं काही लागलं तर खंडेराव उभे राहायचे. ठरवून नाही. बसवायचंच नाही त्यांना. हातातला कप हातात, आणि माणूस उभा. आजवर भिंतीतल्या चारच अल्बमांनी त्यांना असं उभं केलं होतं. घरातल्यांना ते चार पाठ होते.

हा कान त्यांनी कमावला कुठं? वडील सोनाजी मेंढरं राखायचे. आई मंजुळाबाई त्यांच्यासोबत माळामाळानं फिरायची. पाल ठोकायचं, चार दिवस राहायचं, गवत संपलं की पुढं. पोरगं शिकावं म्हणून सहाव्या वर्षी खंडूला शहरात, छावणी भागात मामाकडं ठेवलं. मामाच्या घराखाली चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात सकाळपासून टेप वाजायचा. पोरगं गिऱ्हाइकांच्या पायांत बसून ऐकायचं. पुढं पगार सुरू झाल्यावर छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कडूबा नावाचा जुन्या सामानाचा दुकानदार गाठून त्यानं पहिली कॅसेट घेतली. मग भिंत वाढतच गेली. अलीकडंच त्याच कडूबाकडून एक जुना डेक मिळाला होता, एक बाजू संपली की आपोआप दुसरी लावणारा. खंडेराव त्याला साहेब म्हणायचे.

गेल्या साली सोनाजी गेले, त्याआधीच मेंढरं गेली होती, आणि मंजुळाबाई लेकाकडं राहायला आल्या. भिंतीकडं बघून म्हणाल्या, "एवढी गाणी? ऐकतो कवा?" त्यावर खंडेराव नुसते हसले होते. आईला यातलं काय समजणार, असं त्या हसण्यात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा असतो.

तर झालं असं, की कंपनीत स्टोअरला असलेला राजेंद्र रिटायर झाला आणि त्यानं छावणीत एका वाचनालयाच्या माडीवर श्रोत्यांचं मंडळ सुरू केलं. महिन्यातून एका रविवारी दुपारी चाळीस-पन्नास माणसं जमायची, कुणीतरी आपल्या आवडीचं ऐकवायचं. प्राध्यापक झाले, एक डॉक्टर झाले, आकाशवाणीत काम केलेले एक गृहस्थ झाले. आणि मग राजेंद्रनं फोन केला, "खंडेराव, पुढच्या महिन्याला तुम्ही. विषय: पास आणि रिजेक्ट."

खंडेरावांना रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर कंपनीत त्यांचं ऐकून घेतलं ते लोखंडानं. कॅन्टीनमध्ये मतं मांडली तर माणसं डबा खाता खाता हसायची आणि शिफ्टला जायची. आता पन्नास माणसं खुर्चीवर बसून, मेंढपाळाच्या पोराला विचारणार होती की बाबा, तुझ्या कानाला काय वाटतं. एवढ्या एका गोष्टीची हौस त्यांना आहे हे त्यांनी दीपमालालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी यादी केली. पाच हिरवे, पाच लाल. आणि शेवटी कॅन्टीनमध्ये वीस वर्षं चाललेला हुकमी विनोद, जो राजेंद्रनं मुद्दाम मागून घेतला होता. तो एका कॅसेटवरचा होता. कॅसेटीवर छापलं होतं, 'जात्यावरच्या ओव्या: सारजाबाई आणि पार्टी'. आत एकच बाई. ती एक ओळ गाते आणि गप्प होते. मागं नुसती जात्याची घरघर. मग पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. "पार्टी कुठाय?" खंडेराव विचारायचे. थोडं थांबायचे. "पार्टी जेवायला गेली!" कॅन्टीन कोसळायचं.

यात एक गोष्ट कॅन्टीनला ठाऊक नव्हती. ही सारजाबाई कुणी परकी नव्हती. ती मंजुळाबाईंची चुलत जाऊ, एकाच पालात राहिलेली, खंडेरावांची सारजाकाकू. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना ही कॅसेट बाजारात दिसली, म्हणून घेतली, हेडफोन लावून एका बाजूचा तुकडा ऐकला आणि शरमेनं कान तापले. ओळी अर्धवट. मधे भगदाडं. त्यांनी घड्याळ लावून मोजलं आणि कव्हरच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'गायिका दर ओळीनंतर ११ सेकंद गप्प. अर्थ लागत नाही. पार्टी गैरहजर. रिजेक्ट.' दुसरी बाजू ऐकलीच नाही. नमुना तपासला, लॉट फेकला. आईला सांगितलं नाही. आपल्या माणसाची फजिती तिला कशाला ऐकवा, असं मनाला समजावलं. सारजाकाकू पुढं लेकाकडं फर्दापूरला राहायला गेली आणि दोन वर्षांत वारली.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी खंडेरावांनी रंगीत तालीम लावली. मुलगी सृष्टी कॉलेजच्या परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवून वेळ मोजायला बसली. आतल्या दाराच्या चौकटीत मंजुळाबाई सुपात बाजरी घेऊन खडे वेचत होत्या. पाच हिरवे झाले, लाल झाले, आणि खंडेरावांनी ती कॅसेट डेकात घालून बटण दाबलं.

जात्याची घरघर आली. मग सारजाकाकूचा आवाज, जाड, सकाळच्या थंडीनं धरलेला.

"माळाच्या गं मेंढ्या, पालाच्या वाटंला लागल्या..."

आणि गप्प. खंडेराव सृष्टीकडं वळून म्हणाले, "आता बघ. मोज. अकरा सेकंद ही बाई..."

"पान्हावल्या आया, कोकरांसाठी थांबल्या."

आवाज डेकातून आला नव्हता. खंडेरावांनी वळून पाहिलं. मंजुळाबाईंची नजर सुपात होती, पण खडे वेचणारा हात आता बाजरीतून गोल फिरत होता, जात्याच्याच लयीत. त्यांची ओळ संपली त्या क्षणी डेकातून सारजाकाकूनं पुढची उचलली. मधे श्वासाएवढीसुद्धा फट नव्हती.

"पहाटंचं जातं गं, घरघर वाजं माळावरी..."

"जागी झाली बाई, चांदणी माझ्या पालावरी."

सृष्टीच्या हातात फोनवरचं घड्याळ चालू होतं. ती पुटपुटली, "पप्पा, अकरा."

खंडेराव उभे होते. कधी उभे राहिले ते त्यांनाही कळलं नव्हतं.

सत्तावीस वर्षं त्यांनी माणसांना शिकवलं होतं, एखादा पार्ट वाकडा निघाला तर चूक असेल, पण शंभर पार्ट एकाच ठिकाणी, एकाच मापानं वाकडे निघाले तर थांब. ती चूक नाही. ते कुणीतरी मुद्दाम तसं केलंय, त्याच्या जोडीचा पार्ट आण आणि मग गेज लाव. नव्या पोरांना हे ते पहिल्या आठवड्यात सांगायचे. आणि इथं दर वेळी अकरा, न चुकता अकरा, स्वतःच्या हातानं मोजून, लिहून ठेवून, त्यांनी जोडी शोधली नव्हती. जोडी त्यांच्याच घरात बाजरी निवडत होती.

"काळी माझी घोंगडी गं, अंथरली वल्या रानात..." सारजाकाकू गायली.

मंजुळाबाईंनी मान किंचित वर केली. कोवळा, खालच्या पट्टीतला आवाज, इतका सरळ की त्यात दाखवायचं असं काही नव्हतंच.

"निजला माझा खंडू, ऊब त्याच्या कानात."

भिंतीतले चार अल्बम खंडेरावांच्या मनातून पुसून गेले. असं गाणं आपण ऐकलेलं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. किंवा ऐकलं होतं, सहा वर्षांचं होईपर्यंत रोज, घोंगडीच्या आतून, अर्धवट झोपेत, आणि ते गाणं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला होता आणि तो जात नव्हता.

त्यांनी टेप थांबवला. मंजुळाबाईंचा हातही थांबला.

"सारजाची कॅसेट निघाली व्हती व्हय?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, त्या कॅसेटवाल्या बाबानं फसवलं. निघालीच नाय म्हनून मी सगळ्यांना सांगत फिरले."

"निघाली व्हती," खंडेराव म्हणाले. "आई, पण ती अशी अर्धीच का गायली?"

"अर्धी कशी? माझी जागा ठिवलीय तिनं." मंजुळाबाईंना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "दोघींचं गानं ते. एकीनं टाकायची, दुसरीनं झेलायची. तो कॅसेटवाला दोघींनाच बोलवाया आला व्हता. पार्टी म्हनायचा आम्हाला. म्या सारजाला म्हनलं, तू हो पुढं, मी मागून येती. माझी जागा धर."

"मग तू गेली का नाय?"

मंजुळाबाईंनी लेकाकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, हेच पुढं खंडेरावांना जास्त लागलं.

"तूच नको म्हनला ना. नवीन लागला व्हता कंपनीत. म्हनला, आई, आता तू कंपनीवाल्याची आई हाय. जात्यावरचं गानं बाजारात विकाया कशाला जाती, लोक हसतील मला." त्यांनी सूप हलवलं. "खरं व्हतं तुझं. नवी नोकरी व्हती. मग नाय गेले. सारजा मातर थांबली बघ माझ्यासाठी."

खंडेरावांना ते आठवत नव्हतं. खूप आठवायला गेले तेव्हा एवढंच आठवलं, की आई दोन दिवसांसाठी भेटायला आली होती, दारात उभं राहून बूट घालता घालता आपण काहीतरी बोललो होतो आणि आपल्याला उशीर होत होता. माणूस जे बोलतो ते विसरतो, ज्याला बोलतो तो विसरत नाही. लोक हसतील म्हणून त्यांनी आईला घरी बसवलं, आणि मग वीस वर्षं त्याच रिकाम्या जागेवर लोकांना हसवलं.

"परत लाव," मंजुळाबाई म्हणाल्या. "थांबवलं कशाला? ती तिकडं ताटकळली आसंल."

दुपारपर्यंत तीच एक बाजू वाजत राहिली. संपत आली की मंजुळाबाई म्हणायच्या, पुन्हा पहिल्यापासून, आणि खंडेराव मागं न्यायचे. सूप कधीच बाजूला गेलं होतं, पण हात फरशीवर फिरत होता. हात फिरल्याबिगर तोंडातून येत नाय, म्हणाल्या. दीपमाला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली ती तशीच. भाकरी करपली.

तीन वाजता खंडेराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. करायचं काय? तो विनोद वगळावा, कुणाला काही कळणार नाही, आब राहील. एक विनोद कमी सांगितला म्हणून कुणी जाब विचारत नाही. पण राजेंद्र मागणारच. आणि खरं सांगावं, तर ज्या कानाचं ऐकायला माणसं येणार, तो कान घरच्या आवाजापुढं बहिरा निघाला हे सांगावं लागणार होतं. पहिल्याच दिवशी.

मंजुळाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. "सारजा गानार हाय ना तिथं? मग मी येती."

खंडेरावांच्या तोंडावर आलं होतं, कशाला आई, जिना चढावा लागतो. ते त्यांनी गिळलं. याच बाईला एकदा नको म्हणून झालं होतं.

वाचनालयाची माडी भरली होती, आणि घरून सोबत आणलेला डेक, म्हणजे साहेब, टेबलावर बसला होता. खंडेराव सुरुवातीला नुसती यादी वाचत राहिले, पण उशिरा टाळी देणाऱ्याचं सांगायला लागले आणि गाडी सुरू झाली. त्यांनी कव्वाली ऐकवली, उशिरा पडणारी टाळी बोटानं दाखवली, आणि पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनी आश्चर्यानं मान हलवली. चिमण्यांपाशी सनई हळू झाली तेव्हा सगळी माडी श्वास धरून होती. बैलाच्या गॉगलवर हशा पिकला. सगळं मनासारखं झालं होतं. इथंच नमस्कार करून उतरले असते तर शहरातल्या चार जाणत्या कानांत त्यांचं नाव झालं असतं.

"खंडेराव, पार्टी राहिली की!" राजेंद्र ओरडला. "पार्टी कुठाय?"

ज्यांना ठाऊक होतं ते आधीच हसायला लागले. खंडेरावांनी ती कॅसेट वर धरली. पाठीवरचा लाल ठिपका लांबूनही दिसत होता.

"पार्टी तिकडं बसलीय," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. माझी आई. ह्या कॅसेटवर ती गाणार होती. मी जाऊ दिलं नाय. लोक मला हसतील म्हणून. आणि ह्या बाईनं तिच्यासाठी मोकळी सोडलेली जागा मी मोजली, रिजेक्ट केली, आणि कॅन्टीनला वीस वर्षं हसवलं." त्यांनी कॅसेट डेकात घातली. "मला पार्ट समजला नव्हता. एवढंच सांगायचंय."

त्यांनी बटण दाबलं. घरघर आली. सारजाकाकूनं मेंढ्या पालाच्या वाटेला लावल्या आणि ती थांबली.

कुणीच गायलं नाही. मंजुळाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पन्नास परकी माणसं वळून त्यांच्याकडं बघत होती. अकरा सेकंद गेले. दुसरी ओळ आली, दुसरी जागाही रिकामी गेली. कुणीतरी खाकरलं, कुणाची खुर्ची वाजली. सारजाकाकू आपली ओळ टाकत होती आणि ती जमिनीवर पडत होती.

आईच्या हातात धरायला काही नाही, हे खंडेरावांच्या ध्यानात आलं. ते रांगांमधून गेले आणि तिच्या खुर्चीसमोर खाली, फरशीवर बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. त्यांनी एक मूठ आवळून पुढं धरली, जात्याचा खुंटा असावा तशी. मंजुळाबाईंनी क्षणभर त्या मुठीकडं बघितलं. मग खुर्चीवरून उतरून समोर मांडी घातली, लेकाच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि ओढली. हात फिरायला लागले.

"काळी माझी घोंगडी गं, अंथरली वल्या रानात..."

"निजला माझा खंडू, ऊब त्याच्या कानात."

राजेंद्र उभा होता. मग प्राध्यापक उभे राहिले, मग मागची रांग. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. खंडेराव खाली बसल्यामुळं त्यांना फक्त पाय दिसत होते, आणि आईचा चेहरा. त्या चेहऱ्यावर सत्त्याहत्तर वर्षं नव्हती. ओवीमागून ओवी गेली, एकही जागा रिकामी राहिली नाही, आणि बाजू संपली.

डेक थांबवायला कुणी जाग्यावर नव्हतं. 'खट्' असा आवाज झाला आणि साहेबानं आपल्या सवयीनं दुसरी बाजू लावली. खंडेरावांनी ती कधीच ऐकली नव्हती.

सारजाकाकूचा आवाज आता थकलेला वाटत होता. गाण्याआधी तिच्यामागं एक पुरुष काहीतरी पुटपुटतो, 'बाई, मधे गप्प राहू नका, टेप वाया चाललीय,' असं. त्याला उत्तर म्हणून की काय, या बाजूची पहिली ओवी तिनं सबंध गायली होती.

"दोघींचं गं जातं, एकटीनं कसं ओढू,
मंजुळा गं येती, तिची जागा नका मोडू."

मंजुळाबाईंचे डोळे वाहायला लागले, पण हात थांबला नाही. लगोलग दुसरी आली, तीही सबंध.

"मंजुळाचा खंडू बाई, कंपनीत गं लागला,
आईची गं ओवी, ऐकायाचा राहिला."

आणि मग घरघर. सबंध ओवी गाऊनही तिनं पुढं तेवढीच जागा मोकळी सोडली होती. खंडेरावांनी आईकडं बघितलं. ती गात नव्हती. ही ओवी तिच्याकडं टाकलेली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. ती लेकाकडं बघत, त्याच्या मुठीवर मूठ धरून हात फिरवत राहिली.

"ऐकतोय काकू," खंडेराव म्हणाले. "ऐकतोय गं."

अकरा सेकंद भरले, आणि सारजाकाकूनं पुढची ओवी उचलली.